१९४७ ची प्लायमाउथ हॉटरॉड करायची आहे : इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला?

नववी_गल्ली

चुलत आजोबांची १९४७ ची प्लायमाउथ स्पेशल डीलक्स, चार दारांची, आता माझ्याकडं आली आहे. कागलच्या बाजूला शेतातल्या शेडमध्ये उभी होती. पत्रा बरा आहे. मागच्या मडगार्डच्या आतून आणि ड्रायव्हरच्या पायाखाली गंज आहे, बाकी ठणठणीत. चासीचे कर्ण दोरीनं मोजले, सरळ आहे.

गाडीत सध्या मॅटाडोरचं डिझेल इंजिन आणि मागं जीपचा चार गिअरचा डबा आहे. कुणी बसवला ते घरात कुणालाच सांगता येत नाही. मूळ सहा सिलिंडरचं इंजिन त्याच शेडमध्ये पोत्यांखाली सापडलं, तीन गिअरच्या डब्यासकट.

म्युझियममध्ये ठेवण्यासारखी गाडी मला नको, हॉटरॉड पाहिजे, म्हणजे फेरफार करून दमदार केलेली जुनी गाडी. पुढून जरा खाली बसलेली, लाल रिम, एक्झॉस्टला आवाज, आणि आत बसून हसू आलं पाहिजे. रविवारी पन्हाळा, वर्षातून एकदा आंबोलीवरून गोवा, एवढाच वापर. डोक्यात असलेले पर्याय : मूळ इंजिन उघडून तयार करणं, इनोव्हाचं २.० पेट्रोल, कॉन्टेसाचं इसुझू १.८, बाहेरून शेव्हरोलेचं ३५० व्ही-८, नाहीतर आहे तेच डिझेल ठेवून रंगकाम. कोण काय म्हणतंय?

रंकाळा_वारा

इषय हार्ड! आधी फोटो टाक भावा, इंजिनाचं मग बघू.

कोथरूडचा_काका

मूळ इंजिन हाताशी असताना हा प्रश्न पडावा याचंच आश्चर्य वाटतं. सत्तरहून जास्त वर्षं टिकलेली गाडी कापून त्यात टॅक्सीचं इंजिन घालायचं आणि त्याला छंद म्हणायचं. असो. आपण कोल्हापूरकर, ऐकणार नाहीच.

रंकाळा_वारा

काका, इनोव्हाला टॅक्सी म्हणालात. आता इनोव्हाप्रेमी शिरोलीवाले येतील बघा.

बे_एरियातला_कोल्हापुरी

मी मूळचा शाहूपुरीचा, गेली बरीच वर्षं कॅलिफोर्नियात. इथं दर शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये अशा गाड्यांचा बाजार भरतो, त्यामुळं थोडं लिहितो.

हॉटरॉडची मूळ कल्पना फार साधी होती. १९३२ साली फोर्डनं स्वस्त गाडीत व्ही-८ दिलं, २२१ घन इंचाचं, ६५ हॉर्सपॉवर. त्याचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच होते, म्हणून त्याला फ्लॅटहेड म्हणतात. पोरांनी जुन्या गाड्या पन्नास-शंभर डॉलरला घेतल्या, मडगार्ड काढून वजन कमी केलं, दोन-तीन कार्ब्युरेटर चढवले आणि कोरड्या तळ्यांच्या सपाट मैदानात पळवल्या. १९५५ मध्ये शेव्हरोलेचं २६५ घन इंचाचं स्मॉल ब्लॉक आलं आणि फ्लॅटहेडचं राज्य संपलं. पुढं त्यातूनच ३५० आलं, म्हणजे ५.७ लिटर. आज इथं दहातल्या बऱ्याच गाड्यांचं बॉनेट उघडलं की तेच दिसतं. खरं सांगायचं तर बघून कंटाळा येतो.

तुझ्यासाठी ३५० ला माझा नकार आहे. आयातीचा खर्च आणि कागद बाजूला ठेव. तुझी गाडी उजव्या स्टिअरिंगची. व्ही-८ चा एक एक्झॉस्ट बरोबर स्टिअरिंग बॉक्स आणि कॉलमच्या अंगावर येतो. इथल्या लोकांसाठी तयार मिळणारे एक्झॉस्ट डाव्या स्टिअरिंगच्या हिशेबानं बनवलेले असतात. मग रेडिएटर, मग पुढच्या स्प्रिंगा, मग मागच्या एक्सलचं हाऊसिंग, कारण जुनं हाऊसिंग तो टॉर्क फार दिवस सोसणार नाही. आणि ऑटोमॅटिकचा मोह झालाच तर ३५० टर्बोहायड्रोमॅटिकला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेला इंजिनाचे फेरे कमी करणारा वरचा गिअर, नाही. ७००आर४ ला आहे, पण त्याची थ्रॉटल केबल नीट लावली नाही तर डबा जळतो, आणि कोल्हापुरात तो उघडणारा माणूस शोधायला तुला गोव्यापेक्षा लांब जावं लागेल.

प्लायमाउथचं सहा सिलिंडरचंही फ्लॅटहेडच आहे. २१७.८ घन इंच, ९५ हॉर्सपॉवर. इथं त्याच्यावर जीव टाकणारे लोक आहेत. त्याच्या मागं शेव्हरोलेच्या एस-१० पिकअपचा पाच गिअरचा टी-५ डबा मधे जोडणारी प्लेट करून बसवतात. त्यामुळं गाडी हायवेला शांत पळते. तसं तुझ्याकडं काय करता येईल ते उद्यमनगरच्या वर्कशॉपवाल्या मेस्त्रींना विचार.

थाऊ_मेस्त्री

मला उद्देशून हाय म्हणायचं हे.

भावा, इंजिनाचं नाव घ्यायच्या आधी तीन गोष्टी सांग. एक, आरसीवर इंधन काय लिवलंय आणि इंजिन नंबर कुठला. दोन, मागच्या हाऊसिंगचं क्राऊन-पिनियन किती. दोन्ही मागची चाकं उचल, दोन्ही बरोबर एक फेरा फिरव आणि शाफ्ट किती फिरतंय ते खडूची खूण करून मोज. तीन, हँडब्रेक चालतोय का?

तिसरं मी बिना बघता सांगतो, चालत नसणार. ह्या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकात नसतोय. गिअरबॉक्सच्या शेपटाला एक ड्रम असतोय, त्यावर लागतोय. ज्यानं मूळ डबा काढून जीपचा घातला त्यानं हँडब्रेक बी काढला.

नववी_गल्ली

मेस्त्री, बरोबर. चाकाखाली वीट लावतो सध्या.

ऊर्मिला_इंजि

मेस्त्रींचा पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून कायद्याचं थोडं. कंटाळवाणं आहे पण वाचा.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीत नोंदलेला आणि उत्पादकानं ठरवलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावून सांगितलं. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी, आणि बदलल्यावर १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवून आरसीवर नोंद. परस्पर केलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी काय करेल ते वेगळं सांगायला नको.

दुसरी बाजू अशी की २०२१ पासून विंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आहे. ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपात जपलेली गाडी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं मुदत, नंबरात राज्याच्या अक्षरांपुढं व्हीए. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, आणि पेट्रोल किंवा दुरुस्तीसाठी नेणं, एवढंच.

म्हणजे गंमत बघा. इनोव्हाचं इंजिन घातलं की विंटेजचा दरवाजा कायमचा बंद. आणि विंटेज केली की गोव्याला हौसेनं जाणं बंद. आरसीचा फोटो नको टाकू, पण काय लिहिलंय ते सांग.

नववी_गल्ली

आरसीवर इंधन डिझेल, इंजिन नंबर त्या मॅटाडोरच्या इंजिनाचा. म्हणजे ज्यानं बदललं त्यानं तेव्हाच रीतसर नोंद करून घेतली होती. नूतनीकरणाची मुदत मात्र केव्हाच संपली आहे.

क्राऊन-पिनियन मोजलं. चार फेऱ्यांपेक्षा थोडं कमी येतंय.

थाऊ_मेस्त्री

३.९ आसल. ह्या मॉडेलला तेच जास्त यायचं.

आप्पा_गारगोटी

त्या डिझेलची गोष्ट मी सांगतो. १९७३ नंतर पेट्रोल असं महागलं की मोठ्या अमेरिकन गाड्या लोकांना पोसवेनात. प्लायमाउथ, डॉज, डीसोटो ह्या कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात जोडल्या जायच्या, त्यामुळं आपल्याकडं भरपूर होत्या. कुणी पर्किन्सचं पी-४ घातलं, कुणी जीपचं, कुणी मॅटाडोरचं. तुझ्या इंजिनावर ओएम-६१६ असं काही कोरलेलं असेल तर ते मर्सिडीजच्या परवान्यानं बनलेलं २.४ लिटरचं, म्हणजे बदल ऐंशीच्या दशकातला किंवा त्यानंतरचा. इंजिन मरत नाही ते. पण प्लायमाउथमध्ये बसून ट्रॅक्टरवर बसल्याचा भास होतो, आरसा कधी स्थिर राहत नाही.

माझं मत कॉन्टेसाच्या १.८ ला. मी चालवलीय कॉन्टेसा. इसुझूचं इंजिन म्हणजे लोणी. कार्ब्युरेटर आहे, कॉम्प्युटर नाही, पाच गिअर आहेत आणि सगळं मागच्या चाकांवर. अँबॅसडरलाही तेच दिलं होतं, म्हणून सामान अजून मिळतं.

शिरोली_फाटा

आलो. टॅक्सी म्हणणाऱ्या काकांना दंडवत.

जुन्या इनोव्हाचं पेट्रोल इंजिन का, ते सांगतो. १९९८ सीसी, साखळीवर चालणारं, १३० च्या वर हॉर्सपॉवर, रिअर व्हील ड्राइव्ह, पाच गिअरचा डबा त्याचा त्याच्याबरोबर. चावी मारली की चालू. मे महिन्यात करूळ घाटात तापत नाही. बिघडलं तर सावंतवाडीत पण मेकॅनिक आहे. अपघातातली गाडी घ्यायची, पण पूर्ण घ्यायची, सुटं इंजिन नाही. ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इमोबिलायझर, त्याच चावीची जोडी, अॅक्सिलरेटर पेडल, पूर्ण वायरिंग, इंधनाचा पंप, सगळं एकाच गाडीचं पाहिजे. चावी राहिली तर इंजिन म्हणजे दीडशे किलोचा पेपरवेट.

पेट्रोल टाकीत आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं, येतंय हे विसरू नका. इनोव्हाच्या पाइपा एकवेळ तग धरतील. १९४७ च्या पंपाचं रबर धरणार नाही.

नंतर विकायची झाली तरी चालू गाडीला गिऱ्हाईक असतं. बंद गाडीला फक्त सल्ले असतात.

थाऊ_मेस्त्री

शिरोलीकर, इनोव्हाचा टॉर्क किती आणि कुठल्या आरपीएमला?

शिरोली_फाटा

१८२ न्यूटन मीटर, ४००० ला.

थाऊ_मेस्त्री

प्लायमाउथचं जुनं पुस्तक १७२ फूट-पाउंड सांगतंय, १२०० ला. गुणिले १.३५६ करा. २३३ न्यूटन मीटर झालं. आता सांगा, पन्हाळ्याच्या चढाला कुठलं इंजिन पाय न दाबता चढंल?

शिरोली_फाटा

मेस्त्री, जुने अमेरिकन आकडे टेबलावरचे असतात. पंखा नाही, सायलेन्सर नाही. आणि नवीन असतानाचे. आज त्या इंजिनातून त्यातलं किती निघेल देव जाणे.

थाऊ_मेस्त्री

तेबी खरं हाय. वीस टक्के सोडा. तरी इनोव्हाच्या बरोबरीला येतंय, आणि १२०० ला येतंय. लांब स्ट्रोकचं इंजिन हाय ते. बोअर ८२.५, स्ट्रोक १११ मिलिमीटर. पळणारं न्हवं, ओढणारं.

पन्हाळकर_सर

ओढणारं का पळणारं, हे आकड्यांत बसवून बघूया, कारण गिअरबॉक्सचं उत्तर तिथंच आहे.

टायर ६.००-१६, व्यास साधारण २८ इंच, परीघ सव्वादोन मीटर. ताशी ८० ला चाकाचे मिनिटाला ५९५ च्या आसपास फेरे. गुणिले ३.९, म्हणजे इंजिन २३२०. मूळ डब्यात टॉपचा गिअर सरळ एकास एक. ८० ला काही तक्रार नाही. पुणे-बंगळूर रस्त्यावर १०० ला गेलात की २९०० होतात. १११ मिलिमीटरचा स्ट्रोक त्या गतीला पिस्टनला सेकंदाला पावणेअकरा मीटर सरासरी वेगानं फिरवतो. तुटणार नाही, पण तासभर त्याच वेगात राहिलात तर इंजिन ओरडतंय असं वाटत राहील आणि ऑइल तापेल.

आता ०.८ चा ओव्हरड्राइव्ह धरा. १०० ला २३२० आणि ८० ला १८५०. हे इंजिन १८५० ला अगदी मजेत असतं. मग प्रश्न इंजिनाचा उरतच नाही. मूळ इंजिन ठेवा, मागं पाच गिअरचा डबा लावा.

इनोव्हाचं उलटं आहे. त्याला फेरे लागतात. त्याच्या डब्याचा पाचवा गिअर आणि प्लायमाउथचं ३.९ यांचं जमेल, पण चढावर गिअर बदलत बसाल.

आप्पा_गारगोटी

सर, मग माझ्या कॉन्टेसाचा डबा मूळ इंजिनामागं लावावा. पाच गिअरचा आहे, हलका आहे.

पन्हाळकर_सर

आप्पा, तो डबा १.८ च्या टॉर्कसाठी बनवलेला आहे. त्याच्यावर २०० च्या वर टाकला तर दात किती दिवस राहतील?

आप्पा_गारगोटी

माझे राहिले तेवढे. बरं, मागे घेतला.

बे_एरियातला_कोल्हापुरी

सरांशी सहमत. एक भर घालतो. मूळ डब्याचा पहिला गिअर २.५७ आहे आणि तो सिंक्रो नाही, गाडी थांबल्याशिवाय पडत नाही. भारतीय एसयूव्हीचे डबे डिझेलसाठी असतात, पहिला गिअर चारच्या आसपास. ३.९ शी गुणला की पंधराच्या वर जातं. ह्या इंजिनाला त्याची गरजच नाही, सिग्नलला दुसऱ्यात उचलेल. पहिला गिअर घाटात मागं सरकली तरच. म्हणजे पाच गिअरचा डबा व्यवहारात चार गिअरचा होतो. त्यात काही वाईट नाही, फक्त ठाऊक असावं.

कोथरूडचा_काका

आश्चर्य म्हणजे चर्चा योग्य दिशेला चालली आहे.

थाऊ_मेस्त्री

आता मी सविस्तर लिवतो, बायकोनं चहा दिलाय.

इंजिन आधी. पोत्याखालचं इंजिन उघडल्याशिवाय कुणी वचन देऊ नये. हेड काढ. बोल्ट जाम आसतील, तापवून सोडव, रेटू नको, ब्लॉकात मोडला तर ड्रिल मारून काढायला दुप्पट मजुरी. हेड निघालं की व्हॉल्व्हच्या सीटपासनं सिलिंडरच्या तोंडाकडं तडा गेलाय का बघ. फ्लॅटहेडचा हाच मुख्य आजार. मग पिस्टनवर काय आकडा कोरलाय बघ. ०२०, ०३०, ०४० आसं काय तर आसल, तेवढे थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, बोअर आधीच वाढलंय. ०६० पर्यंत चालतंय, पुढं लाईनर घालायचं. लाईनर-पिस्टनची चिंता करू नको. म्हादबा मेस्त्रींसारख्या इंजिन-कारागिराच्या कोल्हापुरात पिस्टन मिळत न्हाई म्हणून इंजिन बंद पडलं तर लोक हसतील.

दुसरं, पाण्याचा पंप काढल्यावर आत ब्लॉकमध्ये एक लांब चपटी नळी दिसंल, पुढनं मागपर्यंत. सगळ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हना पाणी वाटून द्यायचं काम तिचं. पत्र्याची आसते, आत कुजून जाते. मग पुढची सिलिंडरं गार आणि मागची दोन भाजतात. लोक म्हणतात इंजिन तापतंय, रेडिएटर बदलतात, पंखा बदलतात, नळी कुणी बघत न्हाई. ती वडून काढ आणि नवीन पितळेची घाल. व्हॉल्व्ह सीटचं एक बरं हाय, क्रायस्लरनं एक्झॉस्टला कठीण सीट कारखान्यातनंच दिल्यात, बिनशिशाच्या पेट्रोलला घाबरू नको.

जोर पाहिजे आसल तर हेड फेसिंगला दे, ४० थाऊ काढायला सांग. मूळ कॉम्प्रेशन ६.६ हाय, सातच्या वर जाईल. आजच्या पेट्रोलला काय हूं की चूं न्हाई. मग दोन कार्ब्युरेटर. बे एरियावाल्यांनी सांगावं तिकडं त्याला मॅनिफोल्ड कुणाचा मिळतो.

बे_एरियातला_कोल्हापुरी

जुन्या काळात दोन कार्बचे मॅनिफोल्ड एडमंड्सचे आणि दुहेरी एक्झॉस्ट फेंटनचे. आज जुने मिळाले तर सोन्याच्या भावात.

थाऊ_मेस्त्री

सोनं कशाला पाहिजे. मूळ मॅनिफोल्डवरनं पोर्टची अंतरं घ्यायची, पॅटर्न करायचा आणि शिरोलीच्या फाउंड्रीत ॲल्युमिनियमचं वतून घ्यायचं. अख्ख्या देशाचं कास्टिंग हितनं जातंय, एक मॅनिफोल्ड हुईना व्हय? वर अँबॅसडरचे दोन एसयू कार्ब्युरेटर. एक्झॉस्ट दोन भागात, तीन-तीन सिलिंडरचा. सहा सिलिंडरला दोन नळ्या काढल्या की आवाज आसा येतोय की रंकाळ्यावरनं गाडी गेली तर भेळवाला मान वळवंल.

आता डबा. इंजिनचा टॉर्क २३३, म्हणून डबा त्याच्या वरच्या टॉर्कचा घ्या. स्कॉर्पिओच्या २.२ डिझेलला २९० न्यूटन मीटर, तिचा टू-व्हील ड्राइव्हचा पाच गिअरचा डबा ह्याला पुरून उरंल. घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या. बेलहाऊसिंग, म्हणजे क्लचवरचं कवच, डब्यापासनं वेगळं सुटतंय का. गिअरची दांडी कुठं वर येत्या, बाकासारख्या सीटच्या पुढं का बुडाखाली. आणि इनपुट शाफ्ट किती लांब.

मग प्लेट. इंजिनाच्या मागचे बोल्ट आणि डब्याच्या पुढचे बोल्ट, मधी जाड प्लेट, सीएनसीवर कापून. हितं लोक फसतात. बोल्ट जुळले म्हणजे काम झालं आसं न्हाई. क्रँकचा मध्य आणि इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत पाहिजेत. फ्लायव्हीलवर प्लंजर डायल लावायची, इंजिन हातानं फिरवायचं, बेलहाऊसिंगच्या भोकावर डायल किती फिरत्या बघायची. ५ थाऊच्या आत आली तर पिना मारून टाक. जास्त आली तर इनपुट शाफ्टचं टोक धरणारं पायलट बुश खाणार, क्लच थरथरणार, गिअर अडकणार, आणि दोष डब्याला देणार. क्लच प्लेट डब्याच्या स्प्लाइनची, प्रेशर प्लेट फ्लायव्हीलची. पायलट बुश नवीन टर्न करून घ्यायचं.

हँडब्रेक मात्र मग मागच्या चाकांना द्यायला लागंल, कारण तो ड्रम मूळ डब्याच्या शेपटावर. आणि मागचा ड्रम काढताना हातोडा चालवू नको. ह्या गाडीच्या मागच्या एक्सलला टेपर हाय. त्याला मजबूत पुलर लागतोय. हातोड्यानं ड्रम निघत न्हाई, बेअरिंग मात्र निघतंय.

रंकाळा_वारा

मेस्त्री, जाळ अन् धूर संगटच काढला की.

शिरोली_फाटा

सगळं मान्य. पण हिशेब करा. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह, पॅटर्न, कास्टिंग, प्लेट, वर स्कॉर्पिओचा डबा. एवढं करून हातात ९५ हॉर्सपॉवर. त्याच पैशात माझ्या पर्यायात गाडी दिवाळीला रस्त्यावर. रोज चालवणाऱ्याला मी अजूनही इनोव्हाच सांगेन.

ऊर्मिला_इंजि

रोज चालवणार नाही असं त्यानंच लिहिलंय. आणि दिवाळीला रस्त्यावर कुठल्या आरसीवर?

नववी गल्ली, तुझ्या कागदावर आज डिझेल आहे. इनोव्हा असो की मूळ इंजिन, पेट्रोलवर जाताना अर्ज करावाच लागेल. फरक एवढाच की मूळ इंजिनासाठी तुझ्याकडं पुरावा असू शकतो. ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पुढच्या बाजूला एका सपाट उंचवट्यावर नंबर ठोकलेला असतो. या मॉडेलचा कोड पी१५, त्यानं सुरू होतो का बघ. घरात पहिलं नोंदणी पुस्तक, विम्याचा जुना कागद, काहीही सापडलं आणि त्यावर तोच नंबर असला, तर तू गाडीत नवीन काही घालत नाहीस, मूळ परत बसवतोस. आरटीओत ही दोन वाक्यं फार वेगळी ऐकू येतात.

कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट हे काढून पुन्हा जुनं बसवता येण्यासारखं आहे. मूळ मॅनिफोल्ड, मूळ तीन गिअरचा डबा, त्याचा ब्रेक ड्रम, काहीही भंगारात घालू नको. उद्या विंटेजला जावंसं वाटलं तर लागेल. चासीला मात्र वेल्डिंग मशीन लावू नकोस. डब्याचा क्रॉसमेंबर बोल्टवर बसवून घे.

कोथरूडचा_काका

ऊर्मिलाताईंना अनुमोदन. आणि ते 'पुढून खाली' म्हणजे स्प्रिंगा कापू नयेत ही विनंती.

बे_एरियातला_कोल्हापुरी

काका बरोबर बोलतायत. आणि ब्रेकबद्दल अजून कुणी काही बोललं नाही. मूळ ब्रेक हायड्रॉलिक आहेत पण एकच सर्किट. एक पाइप फुटला की पेडल फरशीला. मास्टर सिलिंडर फरशीखाली आहे, तिथंच दोन सर्किटचा बसवता येतो. इंजिनावर पहिला रुपया खर्च करायच्या आधी हे करून घे. पुढच्या प्रत्येक ड्रममध्ये दोन-दोन सिलिंडर आहेत, ते नीट जुळवले तर ड्रमही उत्तम थांबतात. डिस्क नंतर बघ. आणि वायरिंग ६ व्होल्टचं, त्यात पॉझिटिव्ह अर्थ. डिझेल घालताना बहुतेक १२ केलं असेल, तपास.

नववी_गल्ली

मंडळी, आठवडाभर शेडमध्येच होतो.

नंबर पी१५ नेच सुरू होतो. आजोबांच्या लोखंडी पेटीत टॅक्सच्या पावत्यांच्या गठ्ठ्यात जुनं नोंदणी पुस्तक सापडलं, पानं चिकटलेली आहेत. नंबरातले शेवटचे तीन आकडे जुळतायत, आधीचे ओल लागून पुसलेत. ताई, एवढ्यावर चालेल का?

हेड निघालं, दोन बोल्ट तापवावे लागले. मेस्त्री, डोळ्यांना तडा दिसत नाही. पिस्टनवर ०४० कोरलंय. पाण्याची नळी ओढायला गेलो तर पुढचा वीतभर तुकडा हातात आला, बाकी आत.

वायरिंग १२ व्होल्टचं झालेलं आहे. ३५० डोक्यातून गेलं. कॉन्टेसा पण. आप्पा, माफी.

आप्पा_गारगोटी

माफी कसली. पहिल्या चकरेला पुढं बसवायचं.

ऊर्मिला_इंजि

शेवटचे तीन जुळणं ही चांगली सुरुवात आहे, पुरावा नाही. पानं स्वतः सोडवू नकोस, फाटतील. पुस्तक तसंच घेऊन आरटीओत जा आणि जुन्या नोंदवहीत बदलाची नोंद शोधायला लेखी अर्ज दे. डिझेलची नोंद करताना काढलेल्या इंजिनाचा नंबर तिथं लिहिलेला असू शकतो. पोच घे. नूतनीकरणाचं त्याच फेरीत विचार.

थाऊ_मेस्त्री

डोळ्यानं दिसत न्हाई म्हणजे तडा न्हाई आसं न्हवं. ब्लॉक रिकामा कर, कॉस्टिकच्या टाकीत घाल, मग सगळी भोकं बंद करून पाण्याचा दाब दे. तोवर बोअरिंगला देऊ नको. ०४० वरनं ०६० ला शेवटचा घास शिल्लक हाय, तो तडा गेलेल्या ब्लॉकवर घालवायचा न्हाई.

नळीचं आसं कर. लांब सळईला पुढं आकडा वाक, टोकाला धार दे, आत घालून नळीच्या भोकात अडकव आणि मागं हातोड्याचं वजन सरकवून झटके दे. तुकडे तुकडे निघंल. एक बी तुकडा आत ठेवू नको.

शिरोली_फाटा

इनोव्हा हरली, चालायचंच. पण स्कॉर्पिओचा डबा घ्यायला जाताना मला हाक मार. अपघाती गाड्यांचे डबे मी रोज बघतो. बाहेरून धुऊन ठेवलेला डबा घेऊ नको, तेलकट घे. आधी ड्रेन प्लग उघडून ऑइल बोटांवर चोळून बघायचं. चमक दिसली तर दात गेले. पाचवा गिअर हातानं टाकून आऊटपुट शाफ्ट फिरव, कुठं अडकलं तर सोडून दे.

नववी_गल्ली

शनिवारी येतो शिरोलीला. मेस्त्री, डबा आणला की प्लेटचं ड्रॉइंग लगेच करूया का, इंजिन तयार व्हायच्या आधी?

थाऊ_मेस्त्री

ड्रॉइंग कर, कापू नको. रिकामा ब्लॉक, क्रँक, फ्लायव्हील आणि डबा चारी एकदम टेम्पोत घालून आण. कागदावरची मापं आणि लोखंडावरची मापं ह्यांचं पटल्याशिवाय सीएनसीवाल्याकडं जायचं न्हाई. आणि मूळ बेलहाऊसिंग बी आण, ते कुठं हाय ते तू अजून बोलला न्हाईस.

नववी_गल्ली

बघतो. पोती अजून बरीच आहेत.